स्ट्रॉबेरी राहिली, पण अठरा टक्के कळले

निघालो होतो महाबळेश्वरला, स्ट्रॉबेरी खायला. सांगलीत सकाळी सहाला पाचशेचं पेट्रोल टाकलं (त्यातला व्हॅट दरातच मुरलेला, वेगळा कोण मागत नाही) आणि कराडमार्गे साडेतीन तासांत सातारा गाठलं. मध्ये रस्त्याचं काम चालू आहे, जपून चालवा.

तिथं मिसळ शंभराची, बिल पाच टक्के जीएसटी धरून एकशे पाच. मी मोबाइलवर एकशे पाचाचे पाच टक्के काढले, तर आले सव्वापाच.

"मालक, पंचवीस पैसे सोडले की तुमी!"

"आवं, टॅक्स शंभरावर असतोय, बिलावर न्हाई," मालक हसले. मी मान डोलावली. डोक्यात काही शिरलं नाही.

शेजारच्या टेबलावर कुणीतरी माण तालुक्यातल्या मेंढरांच्या कळपांचं लय कौतुक करत होतं. झालं! महाबळेश्वर सोडून गाडी माणच्या वाटेला, पुसेगावकडं वळली.

दहिवडीच्या अलीकडं मागचं चाक बसलं. समोरच मंडपाच्या पाइपांचा ढीग आणि त्यावर बसलेला मालक. गावात त्याला सगळे फौजीच म्हणतात, कारण लष्करातून येऊन त्यानं हा धंदा टाकलाय. "पंक्चरवाला येतोय तासाभरात. चला घरात, जेवा," म्हणाला. पण स्वतः ताट बाजूला सारून मोबाइलवर आकडे मांडत बसला.

"साताऱ्याची पार्टी मंडपाचे एकोणसाठ हजार देती, जीएसटी धरून. दुपारच्या आत सांगायचंय. पन्नासच्या खाली मला परवडत न्हाई, आन् अठरा टक्के काढलं तर उरतंय अठ्ठेचाळीस हजार तीनशे ऐंशी. न्हाई म्हणून टाकतो. मग काम न्हाई म्हणून माझे पाचबी गडी आज मुंबईची गाडी धरतील."

चुलीपुढून त्याची आई कडाडली, "येडा हायस का रं? कडबा इकताना शंभर पेंढ्यांवर पाच वरकड देतूस न्हवं? गाडीत एकशे पाच. त्यात वरकड किती?"

"पाच."

"मग समद्या गाडीवर हिशोब कशाला लावतूस? आदी शंभर बाजूला काढ!"

आणि माझ्या डोक्यात सकाळची मिसळ आत्ता पेटली. "फौजी, इथं शंभरावर अठरा, म्हणजे एकशे अठरा. एकोणसाठ हजारात एकशे अठरा किती वेळा? पाचशे. पाचशे गुणिले शंभर, पन्नास हजार तुमचे. पाचशे गुणिले अठरा, नऊ हजार सरकारचे."

फौजीनं तीनदा करून बघितलं. मग फोन लावला, "घेतलं काम," आणि बाहेर येऊन निघालेल्या गड्यांना ओरडला, "पिशव्या उतरवा रं! कोण कुठं जात न्हाई!"

पंक्चरचे शंभर गेले. जेवणाचे पैसे काही घेईनात. उलट आईनं वाटेसाठी पाच भाकरी बांधल्या, वर आणखी एक ठेवली. "ही वरकड. हिच्यावर टॅक्स न्हाई."

विटा-तासगावमार्गे दिवस मावळायच्या आत सांगलीत आलो. स्ट्रॉबेरी राहिलीच, मेंढरंही राहिली. आठवड्यानं फौजीचा फोटो आला. मंडप उभा आणि त्याखाली पाच गडी, रांगेत. मी सहज मोजले. पाच. पुरे भरले.