डोळे बांधून पाहिलेलं घुबड

चुडावा स्टेशनावर मन्मथ बैलगाडी घेऊन आला होता. कॉलेजातला सोबती, त्यालाही माझ्यासारखाच पाखरांचा नाद. घरी भाकरी आणि अंबाडीची भाजी खाऊन उठलो, तोच त्याने माझ्या डोळ्यांवर उपरणं बांधायला घेतलं. मी उडालोच.

"हे काय?"

"हुमा (मासे धरणारं मोठं घुबड) बघायचाय ना? मग असंच यावं लागंल."

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. हैदराबादेहून रजा काढून आलेला. आणि मला चोरासारखं न्यायचं?

"माझ्यावर भरवसा नाही?"

"हाय, म्हणून तर बोलावलं. मागं एका शौकिनाला जागा दाखवली. त्यानं कौतुकानं चौघांत सांगितली. दिवाळीच्या अवसेआधी जोडी गेली. मंतरवाल्यांना लागतात. आता नदीवर ही एकच जोडी हाय."

दारातून त्याची आई म्हणाली, "पावन्याला असं कुठं न्यायलास रं? घुबडाशी लगीन लावायलास का?"

"व्हय आई, आंतरपाट हाय ह्यो!"

गाडी मुद्दाम फेर घेत होती, हे मला कळत होतं. उतरताना बाभळीचा काटा पायात मोडला. पाण्याचा आवाज आला आणि उपरणं सुटलं.

समोर दरडीवरच्या उंबरात हुमा बसला होता. केवढा तो! पिवळे डोळे, पिसं नसलेले उघडे पाय, खाली खेकड्यांच्या कवचांचा खच. जोडीदार आतल्या फांदीवर. माझा राग कुठल्या कुठे गेला.

परतीच्या आगगाडीत कोटटोपीतले एक गृहस्थ माझी दुर्बीण पाहून जवळ सरकले. पाखरांची शास्त्रीय नावं त्यांना तोंडपाठ. "इकडे हुमा आहे म्हणतात. कुठे पाहिलात? आपण शिकलेली माणसं, आपल्यात कसला आडपडदा?"

खोटं कशाला बोलू, मी फुललो. सांगायला तोंडही उघडलं. पण सांगणार काय? मला ठाऊक होता तो एक उंबर आणि एक काटा.

ते हिरमुसले. पान काढायला त्यांनी पिशवी उघडली. आत दोऱ्यात ओवलेले, वाळलेले पाय होते. पिसं नसलेले.

"ताईतासाठी," ते पान लावत म्हणाले. "दिवाळीत लय मागणी."

नांदेडला मी डबा बदलला. हाच माणूस, हेच गोड बोलणं, आणि मी उंबरापाशी डोळे उघडे ठेवून गेलो असतो तर? एका कौतुकात जोडी संपली असती.

मन्मथचं उपरणं चुकून माझ्याबरोबर आलं आहे. परत द्यायला जाईन, तेव्हा चुडाव्याच्या फलाटावर ते मीच माझ्या डोळ्यांवर बांधीन.