मॅकथोरन कुळाची हजेरी

तुमचं आडनाव तुमच्या पूर्वजांना कुणी दिलं, आणि देताना त्यांना विचारलं होतं का?

हा प्रश्न मला स्टाफ सार्जंट एलायजा मॅकथोरननं विचारला होता. मी तेव्हा अमेरिकन आर्मीत जनरेटर मेकॅनिक होते. पोस्टिंग पश्चिम आशियातल्या वाळवंटात, एका लहान ठाण्यावर. मी मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत वाढलेली. आडनाव सहस्रबुद्धे. गणवेशावरच्या नेमटेपवर अक्षरं जेमतेम मावत, म्हणून सगळी प्लॅटून मला 'अल्फाबेट' म्हणायची. सार्जंट म्हणायचा नाही. त्यानं आठवडाभर सराव केला.

"सहस्र-बुद्धे. बरोबर?"

"बरोबर, सार्जंट. म्हणजे हजार बुद्धी असलेली."

"हजार? मग एक वापर आणि हेल्मेट घाल."

मॅकथोरन हा स्कॉटलंडमधला जुना सरदारी क्लॅन. क्लॅन म्हणजे आपलं कुळच. सार्जंटला त्याचा इतिहास पाठ होता: डोंगरातला किल्ला, हिरव्या-तांबड्या चौकड्यांचं टार्टन, 'नाव घेतलं की उभा राहा' हे ब्रीद. सार्जंट स्वतः काळा, साउथ कॅरोलायनाचा. कुळप्रमुखाचा धाकटा मुलगा तिथं आला, त्यानं कापसाची शेतं घेतली, मग माणसं विकत घेतली. सार्जंटच्या पूर्वजांना मालकाचं आडनाव मिळालं ते असं.

"किल्ला त्यांचा," तो म्हणायचा. "पण ब्रीद मी पाळतो. म्हणजे ते माझंही."

ठाण्यावर ०६०० ला हजेरी, ०६३० ला जनरेटरची तपासणी. त्या दिवशी ०६४२ ला पहिला ड्रोन पडला. सगळे बंकरमध्ये गेले. मी जनरेटर शेडमध्ये होते, कानांवर इअर मफ. सायरन मला ऐकूच आला नाही.

बंकरमध्ये काय झालं ते नंतर कळलं. रेडिओवर मोजणी चालू होती.

"अल्फाबेट?"

"अल्फा, ऑल प्रेझेंट."

अल्फा ही आमची दुसरी टीम, दुसऱ्या बंकरमधली. 'अल्फाबेट'मधलं 'अल्फा' एवढंच त्यांना ऐकू गेलं होतं. माझ्या नावापुढे हजर अशी खूण पडली.

सार्जंट उठला. "मी सहस्रबुद्धे विचारतोय. पूर्ण नाव घ्या."

पूर्ण नाव घेतलं. कुणी 'ओ' दिली नाही.

"तिला आणतो. दार उघडं ठेवा."

०६४७ ला त्यानं मला शेडमधून ओढून काढलं. बंकर चाळीस पावलांवर होता. दारातून त्यानं मला आत ढकललं. तो स्वतः बाहेर असतानाच दुसरा ड्रोन पडला.

आर्मीत शेवटची हजेरी असते. फर्स्ट सार्जंट, म्हणजे कंपनीतला सगळ्यात वरचा सार्जंट, गेलेल्याचं नाव तीनदा घेतो. उत्तर येत नाही. ते मी अटेंशनमध्ये उभी राहून ऐकलं.

आर्मी सोडल्यावर, गेल्या उन्हाळ्यात, मिनेसोटात स्कॉटिश मेळा भरला. तिथं मॅकथोरन क्लॅनचा तंबू होता. युद्धात पडलेल्यांची नावं वाचतात आणि प्रत्येक नावाला कुळातलं कुणीतरी उठून 'हिअर' म्हणतं. मी सार्जंटच्या आईला, मिस रूथना, घेऊन गेले. त्याचं नाव मी आधीच पाठवलं होतं. यादीत ते नव्हतं.

यादी वाचणारे, किल्ट घातलेले गृहस्थ नम्रपणे बोलले. "ही यादी रक्ताच्या नात्याची आहे, मॅम."

"त्याचं आडनाव काय होतं?" मी विचारलं.

"मॅकथोरन, पण..."

"लादलं तुम्हीच. आता परत मागताय?"

मिस रूथनी माझा हात दाबला. "हनी, आवाज." मग म्हणाल्या, "नको, आहे तसाच ठेव."

यादी संपली. मी अटेंशनमध्ये उभी राहिले.

"स्टाफ सार्जंट एलायजा मॅकथोरन!"

तंबू गप्प. दुसऱ्यांदा नाव घेतलं. तरी गप्प. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा मिस रूथ काठी टेकत उभ्या राहिल्या.

"हिअर."

मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला, डोक्यावरची टोपी काढून. "हिअर." मग आणखी दोघं. ते गृहस्थ बसूनच राहिले. बसू देत.

घरी आले तर काका आमचा कुलवृत्तांत टाइप करत होते. त्यात सुमनआत्या नव्हती. तिनं जातीबाहेर लग्न केलं होतं.

"ती शाखा राहू दे गं," काका म्हणाले.

"काका, हजेरी चुकली की माणूस मरतो," मी म्हणाले, आणि प्रिंटआउट ओढून घेतला.

असा कुलवृत्तांत तुमच्याही कपाटात असेल. आज तो काढा. जे नाव गाळलंय ते शाईनं, पूर्ण लिहा. लिहून झालं की उभे राहा आणि त्याच आवाजात आणखी एक नाव घ्या: एलायजा मॅकथोरन.