न निघालेली दुर्री

पत्त्यांनी राज्यं बुडवली, घराणी रस्त्यावर आणली आणि चांगली माणसं माणसांतून उठवली. आमचे मुख्याध्यापक हे दर सोमवारी प्रार्थनेनंतर सांगत. स्वतः त्यांनी आयुष्यात पानाला हात लावला नव्हता, हेही सांगत.

सक्करदऱ्याकडच्या त्या शाळेत मी गणिताचा नवा मास्तर होतो. नोकरी पक्की व्हायची तर तपासणीच्या दिवशी धडा नीट जायला हवा होता. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी निवडला नेमका नव्या अभ्यासक्रमातला, संभाव्यतेचा. पुस्तकात सगळी उदाहरणं पत्त्यांची.

मुख्याध्यापकांनी जड मनाने कपाट उघडलं आणि पोरांकडून जप्त केलेली एक गड्डी माझ्या हातावर ठेवली.

"केवळ विद्येसाठी," ते म्हणाले.

मला पत्ते पुस्तकापुरतेच ठाऊक. गड्डी जरा सडपातळ लागली, पण जप्तीत सगळेच वाळतात.

साहेब मागच्या बाकावर बसले, मुख्याध्यापक दाराशी उभे राहिले. मी फळ्यावर मांडलं: एकूण पानं बावन्न, त्यांत दुर्रीपासून छक्कीपर्यंतची वीस. म्हणजे तेरा वेळा पान काढलं तर साधारण पाचदा लहान पान निघावं. काढायचं, दाखवायचं, परत ठेवून पिसायचं.

राणी निघाली. मग दश्शी, एक्का, गुलाम, पुन्हा राणी. अर्धा वर्ग येऊन गेला.

"काढत राहा," मी म्हणालो. "संभाव्यतेला धीर लागतो."

"सर, दुर्री काहून निघून नाही राहिली?" पुढचा एक जण म्हणाला.

"सुट्टीवर असन," दुसऱ्याने सांगितलं.

गड्डी ज्यांची होती ते दोघे मात्र तिच्याकडे ओळख नसल्यासारखे बघत होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग मला. पक्की नोकरी आणि दुर्री, दोन्ही मला सारख्याच दूर दिसू लागल्या.

"कुठून निघन गा दुर्री?" दारातून आवाज आला. "पाच-तीन-दोनची गड्डी होय ते! दोन सत्त्या, बाकी अठ्ठीपासून वर. तीसच पानं राहते त्यात!"

मुख्याध्यापक एरवी शाळेत छापील मराठी बोलत.

वर्ग हसून फुटला. साहेबांचेही खांदे हलत होते.

"मग तीसवर मांडा की, मास्तर," ते म्हणाले.

मांडलं. लहान पान शून्य. चित्रांची पानं तिसात बारा, म्हणजे पाचात दोन. निघालेल्या पानांशी ताडून पाहिलं, तर हिशोब जवळजवळ जुळला. साहेबांनी चांगला शेरा दिला आणि पुढे माझी नोकरी पक्की झाली.

तपासणीच्या दिवशी संध्याकाळी शिपाई मला बोलवायला आला. कार्यालयात साहेब आणि मुख्याध्यापक चहा संपवून बसले होते. टेबलावर तीच गड्डी.

"मला खेळता येत नाही," मी म्हणालो.

"शिकवतो ना गा. दार लाव."

पाच-तीन-दोनला तीन माणसं लागतात.