सुखदाचा बेचाळिसावा टचडाऊन

इथे आखातात, आमच्या सलव्याच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनवर सात चषक मांडलेले आहेत आणि त्यातला एकही माझा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरी आलेले पाहुणे चषक बघून माझ्याकडे वळतात आणि विचारतात, “वा हरीशराव, क्रिकेट का?” मग मला सांगावं लागतं की चषक सुखदाचे आहेत आणि खेळ अमेरिकन फुटबॉलचा आहे. त्यावर पाहुणे हमखास हसतात. त्या हसण्याने माझं डोकं फिरतं. बाई त्रेचाळीस वर्षांची आहे, हाडांच्या ओपीडीत नर्स आहे, मूळची परभणीकडची आहे, म्हणून तिने सुट्टीच्या दिवशी फक्त भाकरीच थापायच्या की काय?

खेळ समजायला सोपा आहे. टीव्हीवर ते अमेरिकन लोक शिरस्त्राणं घालून एकमेकांवर आदळतात, तसलं यात काही नाही. प्रत्येकीच्या कमरेला दोन पट्ट्या लटकवलेल्या असतात. चेंडू घेऊन पळायचं, समोरच्या बायका पट्टी ओढायला धावतात, पट्टी निघाली की धाव संपली. पट्टी शाबूत ठेवून शेवटची रेषा ओलांडली की टचडाऊन. चेंडू हातात घेऊन गर्दीतून वाट काढणारी जी असते तिला रनिंग बॅक म्हणतात. सुखदा रनिंग बॅक आहे.

तिला या नादाला लावलं अलिनाने. अलिना एका शाळेत खेळ शिकवते. आईवडील रायगडचे, पण हिचा जन्म इथलाच, त्यामुळे मराठी बोलते ती तीन शब्दांपुरती, मग गाडी इंग्रजीवर घसरते. सहा हिवाळ्यांपूर्वी ती बोट निखळलं म्हणून ओपीडीत आली. सुखदाने पट्टी बांधता बांधता चौकशी केली, बोट मोडेपर्यंत खेळता तरी काय? अलिनाने मोबाइलवर एक सामना दाखवला. सुखदा बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, ही तर कबड्डीच आहे! एकटीनं आत जायचं, सगळ्यांनी धरायला यायचं.”

सुखदा कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून चढाया करायची. लग्न ठरवताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्याच शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, ती सबाह अल-सालेमच्या मैदानावर उभी होती, माझी ट्रॅक पँट घालून, आणि अलिना ओरडत होती, “आंटी, जस्ट रन!”

आंटी पळाली. पहिल्याच सामन्यात चार जणींना चकवून रेषेपार गेली. टाळ्या वाजल्या आणि लगेच पंचांनी पिवळं फडकं हवेत फेकलं. टचडाऊन रद्द. का, तर या खेळात पळणारीने समोरचीला हात लावायचा नसतो. आणि आमच्या बाईसाहेबांनी जाता जाता तिघींना व्यवस्थित हात लावला होता, वर पंचांकडे बघत उभी राहिली होती की या तिघी बाद झाल्या, अजून मैदानात काय करतायत?

कबड्डीत चढाई करणारीची सगळी कमाई हात लावण्यात असते. डोक्याला नियम कळला तरी हाताला कळायला दोन वर्षं लागली. बचाव करणारी समोर आली की सुखदाचा उजवा हात आपोआप लांब व्हायचा. पहिल्या मोसमात तिचे जितके टचडाऊन मोजले गेले, जवळजवळ तितकेच रद्द झाले. अलिनाने कपाळाला हात लावला. “बोथ हँड्स ऑन द बॉल, आंटी! दोन्ही हात!” दोन्ही हातांनी चेंडू धरला की हात सुटत नाही हे खरं, पण वेगही कमी होतो. सुखदाला ते पटायचं नाही.

आता मी यात कसा आलो ते सांगतो. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गुणवत्ता तपासतो. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. हा गुण घरीही सुटत नाही. कडेला खुर्ची टाकून इथला वेलचीचा करक चहा पीत मी सुखदाच्या चुका मोठ्याने सांगायचो. “पुन्हा हात लागला! मी इथून बघितलाय!” शेवटी अलिनाच म्हणाली, “अंकल, यू बिकम द रेफरी.” प्रत्येक संघाने एक-दोन पंच द्यायचे असतातच. नवरा पंच म्हणून कुणीतरी हरकत घेईल असं मला वाटलं होतं. उलट बाकीचे संघ मलाच मागायला लागले, कारण माझं फडकं सगळ्यात जास्त वेळा माझ्याच बायकोविरुद्ध पडायचं. त्या रात्री जेवणात मीठ कमीजास्त व्हायचं, पण ते मी सहन केलं.

आणि बाई सुधारली. तीन मोसम सर्वोत्तम रनिंग बॅक ठरली. स्वतःच्या रेषेजवळून निघून सगळं मैदान पालथं घालत टचडाऊन करणारी आमच्या लीगमधली ती पहिलीच. एका सामन्यात तिने पाच टचडाऊन केले आणि दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद म्हणून चार मजले चढताना रडकुंडीला आली, हेही सांगायला हवं. संघातल्या पोरी तिला आंटीऐवजी ताई म्हणायला लागल्या. ओपीडीत प्लास्टर घालून बसलेली मुलं तिच्याकडे सही मागायची.

लीगमध्ये एकूण टचडाऊनचा विक्रम एका अमेरिकन शिक्षिकेचा होता. ती केव्हाच मायदेशी परतली होती. एकेचाळीस. या हिवाळ्याच्या शेवटच्या सामन्यापर्यंत सुखदाही एकेचाळीसवर आली. आणि तो तिचाही शेवटचाच सामना होता, कारण तिला बढती मिळाली होती. विभागाची प्रमुख झाल्यावर शुक्रवारची ड्युटी आली. म्हणजे त्या एका दुपारी बेचाळिसावा झाला तर झाला, नाहीतर कधीच नाही.

“विक्रम बिक्रम काही नाही वो,” ती सकाळी डबा भरताना म्हणाली. “खेळायला मिळायलंय हेच खूप.” मग तिने डब्यात पोळ्या घातल्या आणि भाजी ओट्यावरच विसरली. तेव्हा मला कळलं की तिला विक्रम किती हवा आहे.

सामना फहाहीलकडच्या संघाशी होता. त्या ठरवूनच आल्या होत्या की सुखदाला मोकळं सोडायचं नाही. चेंडू तिच्या हातात आला की तिघी तिच्यावर. पहिला अर्धा भाग गेला, दुसरा संपत आला, आणि तिची पट्टी दर वेळी कुणीतरी ओढून नेत होतं. शेवटच्या मिनिटाला अलिनाने चेंडू दिला, सुखदा डावीकडे गेल्यासारखं करून उजवीकडे फिरली आणि वाट मोकळी झाली. एकच उंच, लाल केसांची मुलगी आडवी आली. सुखदा तिला वळसा घालून रेषेपार गेली. मैदान उसळलं. पोरी नाचत धावल्या.

मी हात बघितला होता. उजवा हात, त्या मुलीच्या खांद्यावर, निसटता. त्या मुलीलासुद्धा जाणवला नसेल. दुसऱ्या कुणी बघितला नव्हता, कारण सगळ्यांची नजर रेषेवर होती. खोटं कशाला बोलू, फडकं खिशातच राहू दे असं मला फार वाटलं. पण इतकी वर्षं मी त्या हातासाठी तिच्याशी भांडलो होतो. आज गप्प बसलो असतो तर आधीची सगळी फडकी मी नुसती तिला छळायला टाकली होती असा अर्थ झाला असता. मी फडकं टाकलं.

मग जे झालं ते सांगवत नाही. आमच्याच बाकावरून कुणीतरी माझ्या दिशेने पाण्याची बाटली भिरकावली. अलिना इंग्रजीत जे बोलली ते बरं झालं मला नीट ऐकू आलं नाही. सुखदा मात्र सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली, धापा टाकत.

“कुठं लागला?”

“खांद्याला. उजवा हात.”

तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं. “लागला खरा,” ती म्हणाली आणि मागे वळून गेली.

वीसेक सेकंद उरली होती. चेंडू मागे नेला गेला. अजून एक डाव होणार होता, आणि चेंडू कुणाला मिळणार हे मैदानातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. रेषेवर अलिनाचे वडील हमीदभाई पंच होते, मी मध्ये. माझं काम हातांवर लक्ष ठेवण्याचं. चेंडू सुखदाकडे आला. तिने तो दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला. मी तिच्याबरोबर कडेने पळत होतो आणि फक्त हात बघत होतो. उंच मुलगी आली, हात हलला नाही. अजून एक आली, बोटं चेंडूवरच. माझ्या मनात एकच धावा चालला होता, हात सोडू नकोस बाई, सोडू नकोस. मग एकदम गलका झाला. मी मान वर केली तेव्हा हमीदभाई दोन्ही हात आकाशाकडे करून उभे होते आणि सुखदा पोरींच्या ढिगाखाली दिसेनाशी झाली होती. माझ्या खिशातलं फडकं खिशातच होतं. बेचाळीस.

सामन्यानंतर वाळूच्या पार्किंगमध्ये आम्ही गाडीपाशी आलो. विक्रमाचा चषक माझ्याकडे देऊन ती बूट झटकत होती. चेहरा धुळीने माखलेला आणि नुसता फुललेला.

“सांगा की आता,” ती म्हणाली. “शेवटी मी कशी गेले? मला काहीच आठवंना. ती लाल केसांची होती तिच्या डावीकडून गेले का उजवीकडून?”

“हात एकदम स्वच्छ होते,” मी म्हणालो.

“हाताचं नाही विचारायले. कशी दिसले मी? रेषा ओलांडताना?”

मी चषक या हातातून त्या हातात घेतला. सहा वर्षं तिचा प्रत्येक सामना बघितलेला माणूस मी. तिचा रद्द झालेला एकूण एक टचडाऊन मला तोंडपाठ आहे, कुठल्या बोटाने कुणाला हात लागला त्यासकट.

“मला नाही दिसलं, सुखदा,” मी म्हणालो. “मी हात बघत होतो.”

मला वाटलं, आता ती रडेल किंवा फडाफडा बोलेल, आणि दोन्हीचा तिला हक्क होता. मला स्वतःलाच रडू येत होतं. पण तिने माझ्या हातातला चषक काढून गाडीच्या टपावर ठेवला आणि माझे खांदे धरून मला दोन गाड्यांच्या मधोमध उभं केलं.

“इथं थांबा. तुम्ही लाल केसांच्या. आता धरा मला,” ती म्हणाली आणि पळत सुटण्यासाठी दहा पावलं मागे गेली.