तारीख तुझ्या सोयीची

त्या रविवारी दादा मला सीबीएस स्टँडवर सोडायला आले होते. वडिलांना आम्ही दादाच म्हणायचो. वणीच्या बँकेत नोकरीला लागून मला आठ महिने झाले होते. आठवडाभर तिथे खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी दुपारी नाशिकला घरी यायचं, असा माझा क्रम होता. बस लागायला वेळ होता. माझी पिशवी त्यांनी स्वतःच्या खांद्याला अडकवली होती आणि मी मागितली तरी देत नव्हते. बोलता बोलता एकदम म्हणाले, "मे महिन्यात तुला चार दिवस रजा मिळेल का गं? एकदा तो तलाव बघून येऊ सगळे." "अर्ज तूच लिही," दादा म्हणाले, "तारीख तुझ्या सोयीची टाक." मी म्हणाले, "बघू, दादा." तेवढ्यात बस लागली, माणसं धावली, त्यांनी खिडकीतून पिशवी आत टाकून माझी जागा धरली. गुरुवारी दुपारी त्यांच्या ऑफिसातले साळवेकाका बँकेच्या दारात दिसले. ते काउंटरपर्यंत आलेच नाहीत, दारातच उभे राहिले, आणि मी हातातलं पेन खाली ठेवलं. दादांनी ऑफिसात, नकाशाच्या टेबलावरच मान टाकली होती. त्यांच्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द 'बघू' हा आहे. पाच आठवडे झाले, तो शब्द मला सोडत नाही...

दादा पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनिअरसाहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर मेणचट पारदर्शक कापड पसरायचं आणि शाईने रेघ न् रेघ पुन्हा काढायची, हे त्यांचं काम. तीस वर्षं त्यांनी ते केलं. इंग्रजी अक्षरं ते छापल्यासारखी काढत. घरी त्यांची कंपासपेटी होती आणि तिच्यात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. रेघ चुकली तर ब्लेडच्या टोकाने शाई अलगद खरवडायची, नखाने घासून कापड गुळगुळीत करायचं आणि पुन्हा काढायची. ऑफिसातून टाकून दिलेलं ट्रेसिंगचं कापड ते घरी आणायचे. आई ते गरम पाण्यात भिजवून खळ काढून टाकायची, की आतून मऊ, तलम सुती कापड निघायचं. माझे शाळेतले सगळे रुमाल त्याचेच होते. कधीकधी रुमालाच्या कोपऱ्यात एखाद्या कालव्याची फिकट निळी रेघ राहून गेलेली असायची, आणि ती कुणाला दिसू नये म्हणून मी रुमालाची घडी उलटी घालायची.

पेठच्या पलीकडे डोंगरात एका धरणाचा तलाव आहे. दादांनी त्याचे नकाशे इतक्या वेळा काढले होते की त्याचा काठ ते डोळे मिटून हवेत बोटाने काढून दाखवत. पण तलाव त्यांनी पाहिला नव्हता, ट्रेसरला साइटवर कोण नेणार! मग काठावर चार कॉटेजेसचं एक हॉलिडे होम झालं. त्याचा नकाशाही दादांच्याच हातून गेला, आणि तेव्हापासून त्यांनी मनात घेतलं, की उन्हाळ्यात तिथे सहकुटुंब राहायचं. तिथे दिवसातून एकच एसटी जायची, तीही अलीकडच्या गावापर्यंत. पुढे चार किलोमीटर चालत.

आमच्या घरात ही तयारी चौदा एप्रिलनंतर सुरू व्हायची. तोवर सगळी कॉलनी जयंतीच्या गडबडीत असे. पताका उतरल्या, की दादा जमिनीवर कापड पसरून बसत. त्यांनी कॉटेजचा मोठा नकाशा काढला होता आणि त्यात आमच्या पाच अंथरुणांचे पाच चौकोन. आई, आत्या, धाकटा मिलिंद, ते स्वतः आणि मी. माझा चौकोन खिडकीशी होता. खिडकीतून तलावाकडे बाण काढून त्यांनी किती फूट तेही लिहिलं होतं. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती नांदगावहून यायची आणि आल्या आल्या त्या नकाशावर पाय पडू नये म्हणून भिंतीला धरून चालायची, पण तोंड थांबायचं नाही.

"आमच्या नांदगावला प्यायला पाणी नाय, आन् तू निसतं बघायला एवढ्या लांब चालला?" ती म्हणायची.

"अक्का, तिथं वारा असतो."

"वारा आमच्याकडं लय हाय. पाठवून देऊ का गोणीत भरून?"

आई हसू दाबत विचारायची, "तिथे स्टोव्ह पेटवू देतात का?" तिथे खानसामा आहे, जेवण सगळ्यांचं एकाच खोलीत असतं, असं दादा सांगत. यावर आत्याचं उत्तर ठरलेलं, की खानसाम्याच्या हातचं खायला ती काय साहेब नाही, आणि स्टोव्ह, चटणी, पापड आणि बुद्धाची तसबीर घेतल्याशिवाय ती निघणार नाही.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये होते. इंग्रजीतल्या अर्जाला लवकर उत्तर येतं अशी दादांची खात्री होती. ते मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिहायची, आणि मग तो कागद खिडकीच्या काचेवर धरून ते वर पातळ ट्रेसिंग पेपर ठेवून त्याची अक्षर न् अक्षर नक्कल काढत. घरातून कुठलाही कागद नक्कल काढल्याशिवाय जात नसे, अगदी आत्याचं रेशनकार्डसुद्धा. पहिल्या वर्षी आमचा अर्ज उशिरा पोचला. दुसऱ्या वर्षी जागा मिळाली, पण निघायच्या आदल्या दिवशी आत्याच्या सासूबाई गेल्या. तिसरं वर्ष म्हणजे आणीबाणी उठल्यावरचा दुसरा उन्हाळा. माझी नववीची परीक्षा संपली होती.

त्या वर्षीचं मला लिहायचं आहे.

माझ्या वर्गात मनीषा नावाची मुलगी होती. तिचे वडील मोठ्या हुद्द्यावर, गाडीने सोडायला येत. ती माझ्याशी स्वतःहून बोलायची आणि मला त्याचंच फार अप्रूप होतं. शाळेत मी घराबद्दल बोलत नसे. पाचवीत एकदा मुलींनी विचारलं होतं, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" आमच्याकडे गणपती बसतच नाही, हे सांगितलं तर पुढचा प्रश्न काय येईल ते मला माहीत होतं. मी म्हणाले, "दीड दिवसाचा." तेवढं एक वाक्य सांभाळायला मला पाच वर्षं लागली. दरवर्षी भाद्रपदात मी मोदकांच्या, आरतीच्या गोष्टी रचून सांगायची. मैत्रिणींना घरी बोलवायची नाही. मग त्या एप्रिलमध्ये मनीषा म्हणाली, की ते सगळे मेच्या पहिल्या आठवड्यात पेठकडच्या एका तलावावर जाणार आहेत, तिथे चारच कॉटेजेस आहेत... तो आमचाच तलाव होता. घरी आल्यावर माझ्या तोंडून ते निघून गेलं. दादांचा चेहरा उजळला. "अरे वा! मग आपणही तेव्हाच जाऊ. तुला सोबत होईल. इतकी वर्षं एक मैत्रीण घरी आली नाही तुझी."

त्यांनी तारीख सांगितली, पाच मे ते नऊ मे. मी लिहायला बसले. मला ती एकच जेवणाची खोली दिसत होती. आत्या दारातूनच सगळ्यांना खणखणीत 'जय भीम' घालणार, मनीषाच्या आईला शेजारी बसवून चटणी वाढणार, आणि मनीषा सहज विचारणार, काकू, तुमच्याकडे गणपतीला किती मोदक करतात हो? मी 'मे'च्या जागी 'जून' लिहिलं. दोन्ही ठिकाणी. जूनमध्ये तिथे काय असतं याचा विचारसुद्धा केला नाही. कागद घडी करून पाकिटात घातला आणि भाताच्या शितांनी पाकीट चिकटवून टाकलं.

"नक्कल?" दादांनी विचारलं.

"मी काढून ठेवलीय," मी म्हणाले.

"शहाणी झालीस," ते म्हणाले आणि पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना टाकतो म्हणाले. अर्ज एकदा गेला की सुटले, असं मला वाटलं.

उत्तर आठ-दहा दिवसांत आलं. नेहमीप्रमाणे दादांनी ते माझ्याकडे वाचायला दिलं. पावसामुळे हॉलिडे होम मेअखेर बंद होतं, सबब जूनच्या तारखा देता येत नाहीत, असं त्यात होतं. मी वाचून म्हणाले, "या वर्षी जागा नाही म्हणतात." दादा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, निराश झाले. "असं होय," म्हणाले, कागद माझ्या हातून घेतला आणि घडी घालून ठेवून दिला. त्यांना इंग्रजी अक्षरं काढता येतात, वाचलेलं समजत नाही, असा माझा ठाम समज होता. कॉन्व्हेंटने मला बरंच काही दिलं, त्यात हेही.

आत्याला कळवायचं राहूनच गेलं. मेच्या चार तारखेला ती वळकटी, स्टोव्ह आणि तसबीर घेऊन हजर झाली. मग दादांनी आम्हा सगळ्यांना गंगापूर धरणावर नेलं. एका बाभळीखाली आम्ही दुपारभर बसलो. आत्याने पाण्याकडे पाहून विचारलं, "हेच का रे तुझं तळं?" "हे त्याचं धाकटं भावंड," दादा म्हणाले. मिलिंद खडे मारत होता. आईने सगळ्यांना चटणी-भाकरी वाढली. दादा पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेले, चपला काढल्या आणि विजारीचे पाय दुमडून घोटाभर पाण्यात बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. तेव्हा जाऊन सांगता आलं असतं. दहा पावलांचं अंतर होतं. मी उठलेही होते... मग आत्याने पाण्याचा तांब्या मागितला आणि मी तो द्यायला वळले.

जूनमध्ये शाळा उघडली. मी मनीषाला विचारलं, कसा होता तलाव. ती म्हणाली, "अगं, आम्ही गेलोच नाही. पप्पांची मीटिंग निघाली."

पुढच्या वर्षी पताका उतरल्या आणि दादांनी नकाशा काढला नाही. "या वर्षी ऊन फार आहे," एवढंच म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षी माझं अकरावीचं कारण झालं. मग कुणी विषयच काढला नाही. आत्या तेवढी चिडवायची, "आटलं वाटतं तुझं तळं?" ते हसायचे. मला वाटायचं, वय झालं, हौस संपली. माझी मात्र सुटका झाली होती, आणि ती मी निमूटपणे वापरली.

गेल्या आठवड्यात आईने त्यांची पत्र्याची पेटी उघडली. ट्रेसिंगच्या कापडाच्या गुंडाळ्या होत्या. "हे भिजत घालू का?" तिने विचारलं. तिच्या हातात कॉटेजचा नकाशा होता, पाच चौकोनांचा. मी तो काढून घेतला. उलगडताना आतून दोन कागद पडले. एक हॉलिडे होमचं उत्तर. दुसरा पातळ ट्रेसिंग पेपर, त्यावर काळ्या शाईने काढलेला माझा अर्ज. शितांची चिकटण तेव्हा ओलीच असणार. त्यांनी पाकीट उघडलं ते संशयाने नव्हे, याची मला खात्री आहे. माझी नक्कल पुरी पडेल यावर त्यांचा विश्वास बसला नसेल, किंवा हाताला सवय होती म्हणून. माझं तिरकं अक्षर, माझ्या वेलांट्यांसारख्या इंग्रजी शेपट्या, सगळं जसंच्या तसं. आणि दोन्ही ठिकाणी जून. काढताना ते कुठे थांबले, त्यांना कधी समजलं, किती वेळ त्या काचेशी उभे राहिले, ते आता कुणालाच विचारता येणार नाही. पण मनीषा मेमध्ये जाणार हे मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी सगळं वाचलं होतं, आणि तसंच पाकिटात घालून टपालपेटीत टाकलं होतं.

कंपासपेटी आता मी वणीला आणली आहे. अर्धं ब्लेड त्याच कागदात आहे. काल सुट्टी होती, तर मी ती नक्कल खिडकीच्या काचेवर धरली. चुकीची रेघ दादांच्या हातून कधी सुटत नसे, आणि खरवडलेली जागा उजेडात धरली की धुरकट दिसते, हे त्यांनीच मला लहानपणी दाखवलं होतं. मी दोन्ही तारखा पुन्हा पुन्हा पाहिल्या. कागद तिथे स्वच्छ होता. ब्लेड लागलेलं नव्हतं.