आमच्या घरचं पांढरंशुभ्र मीठ

दोंडाईच्यात आयोडीनवर सर्वांत जास्त भाषणं मी केली आणि सर्वांत कमी आयोडीन माझ्याच घरात होतं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. माझ्या बायकोच्या, सिंधूच्या गळ्याला सूज आली. धुळ्याच्या डॉक्टरांनी गलगंड सांगितला. आयोडीनचं पुडीतलं मीठ खा, सूज वाढली तर ऑपरेशन, म्हणाले. सिंधूने फक्त ऑपरेशन ऐकलं.

मग मी पेटलोच. खडेमीठ बंद केलं, प्रभातफेरी काढली, चौकात भाषण ठोकलं. आयोडीन नसेल तर पोरांची वाढ खुंटते, बुद्धी मंदावते, देश मागे पडतो! (देश पुढे न्यायचं काम तेव्हा माझ्याकडेच होतं.) महिने गेले, पण सूज वाढतच राहिली. सिंधू गळ्याला पदर गुंडाळून हिंडायची. मला घास गोड लागेना.

अशात शाळेत मीठ तपासायची बाटली आली. तिचा थेंब पडला की आयोडीनचं मीठ निळं होतं. गल्ली जमवून मी घरच्या मिठावर थेंब टाकला. पांढरं! पुन्हा टाकला. पांढरंशुभ्र.

दुकानदाराने फसवलं म्हणत मी गल्लीसकट किराणा दुकानात घुसलो आणि बिचाऱ्याला नाही नाही ते बोललो. त्याने नवी पुडी फोडली. थेंब पडताच मीठ निळंजांभळं झालं.

"गुरुजी, घरी या मिठाचं काय करतात ते जाऊन पाहा," तो म्हणाला.

घरी माझी आई, अक्का, गच्चीवर ओलं मीठ पसरत होती. खडेमिठात माती असायची, म्हणून ते धुऊन वाळवायची आमच्याकडची रीत. अक्का पुडीचंही धुवायची. (पुड्या इतक्या लवकर का संपतात, हा प्रश्न विज्ञान शिक्षकाला पडला नव्हता.)

"अक्का, हाई कसाले धुस तू?"

"कोनकोना हात लागेल ऱ्हास त्याले. सुनना गळा आधीच सुजेल शे, तिले घान मीठ कसं देऊ?"

इतके महिने सगळं आयोडीन मोरीत जात होतं. घरात गलगंडाची भीती नव्हती ती एकट्या मोरीला.

सिंधू वर आली. तिने मीठ वाळत होतं ते कापड पाहिलं. माझ्या प्रभातफेरीचा फलक होता तो. मिठाखालून अक्षरं दिसत होती, 'आयोडीनयुक्त मीठ वापरा'.

"गावाला सांगून झालं," ती म्हणाली. "अक्कांना कधी सांगितलंत?"

नव्हतंच सांगितलं. उलट अक्काने सांगितलं म्हणून दर रविवारी त्याच गच्चीवर वाळवणाची राखण मीच करायचो. मिठाकडे पाठ करून, पुढचं भाषण घोकत.