कात्रीकाकांनी टॅब कुलपात घातला

लहान मूल केस कापायला आलं की कात्रीकाकांच्या तोंडचं पाणी पळायचं. मुलं मान हलवायची, किंचाळायची; एकीने तर त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला होता. शेवटी त्यांनी खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकली आणि तिच्यावर टॅब ठेवला. कार्टून लागलं की पोरं चिडीचूप! दुकानात आयांची रीघ लागली.

काकांची पाच वर्षांची नात शाळा सुटली की आई येईपर्यंत दुकानातच असायची. खुर्ची रिकामी झाली की टॅब तिच्या मांडीवर. आजोबांना वाटायचं, पोर किती गुणाची, त्रास म्हणून नाही.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. डोळे चोळून चोळून लाल. सून तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, काकाही सोबत गेले.

"रोज किती वेळ बघते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अर्धाच तास," सून ठामपणे म्हणाली.

"तो घरी," नात म्हणाली. "आजोबांकडे आई येईपर्यंत!"

काका भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मन लावून वाचू लागले.

"अगं, ही बघताना पापण्या मिटायलाही विसरते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बघू दे थोडा वेळ, पण आधी उन्हात हुंदडू दे."

सासऱ्यांना बोलायचं कसं, म्हणून सून घरी आल्यावर दार जरा जोरात लावून मोकळी झाली. काका काय समजायचं ते समजले.

दुसऱ्या दिवशी टॅब कपाटात गेला, कुलूप लागलं. नातीने जमिनीवर लोळण घेतली. जमिनीवर सकाळपासूनचे कापलेले केस. ती उठली तेव्हा थेट अस्वलाचं पिल्लू! आरशात स्वतःला बघून तिचं रडणं अर्ध्यावरच थांबलं आणि ती खो खो हसत सुटली. काकांनी ती संधी साधली आणि पाणी फवारायची बाटली तिच्या हातात दिली.

तिने आरसा भिजवला, आजोबांना भिजवलं, एका गिऱ्हाइकाच्या कानात पाणी घातलं. संध्याकाळी समोरच्या मैदानात तासभर धावली. घरी अर्धा तास कार्टून मिळालं, तेही आईशेजारी बसून. पण छोट्या बाईसाहेबांचीही अट होती: जेवताना मोठ्यांचेही फोन बंद. पहिले काही दिवस काकांचा हात घासागणिक खिशाकडे जायचा.

"आजोबा!"

"अगं, रुमाल शोधतोय!"

महिन्याभरात डोकेदुखी थांबली. सून दारं हळू लावू लागली. काही आया मात्र रागावून पुढच्या चौकातल्या टीव्ही लावलेल्या सलूनमध्ये गेल्या. काकांना वाईट वाटलं, पण टॅब काही बाहेर आला नाही.

टॅब नाही म्हटल्यावर खुर्चीतली पोरं बोलायला लागली. काकांच्या कात्रीपेक्षा त्यांच्या जिभा जोरात. परवा एक चिमुरडा मोठ्या विश्वासाने म्हणाला, "काका, गंमत सांगू? आमच्या बाबांचे केस रात्री खुंटीवर असतात."

मागच्या बाकावर त्याचे बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते हळूच वर, अगदी कपाळाच्याही वर धरलं. काकांना हसू आवरेना. त्यांनी दोन मिनिटं कात्री खाली ठेवली.